पदरचं एक अक्षर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी वकील भालचंद्र कोगनोळकरांचं नाव घेतो. हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी त्यांच्याविषयी जे लिहिणार आहे ते वाचून मला कुणी कृतघ्न म्हटलं तर म्हणू दे, पण उपकार लपवले असं म्हणायला नको. बेळगावजवळच्या कंग्राळीत आमच्या घरातलं माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी चढलो, बी. ए. झालो, आणि आज खडेबाजारात एका माडीवर माझं भाषांतराचं छोटं ऑफिस आहे. कन्नडमधले उतारे मराठीत करायचे, मराठीतली खरेदीखतं इंग्रजीत करायची. या कामातलं मला जे येतं ते सगळं त्यांनी शिकवलं. आम्ही पोरं त्यांना आण्णा म्हणायचो. हल्ली मी त्यांच्या घरी जात नाही, आणि जायची इच्छाही नाही.

आण्णा मूळचे निपाणीचे. घरचा तंबाखूचा व्यापार. वडिलांची मोठी वखार होती, आणि तंबाखूचे बोद, म्हणजे गोणपाटात बांधलेले गठ्ठे, भाव येईपर्यंत तिथं धरून ठेवायचे, हा त्यांच्या घराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. आण्णा वकील झाले, बेळगावात टिळकवाडीत बंगला बांधला, पण बोटांत वखार राहिली ती राहिलीच. कुठलीही वस्तू हातात आली की अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात धरून चोळायचे, मग बोटं नाकाशी न्यायचे. कापड असो, कोथिंबीर असो, अशिलानं आणलेला स्टँपपेपर असो. माणसांकडंही ते तसंच बघायचे. समोरच्याला चोळून त्याचा वास घेतल्यासारखं.

त्यांच्या घरात तंबाखू कुणी खात नसे. "विकायचा माल तोंडाला लावायचा न्हाय," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते कितीदा ऐकलं याची मोजदाद नाही.

त्यांची माझी ओळख झाली ती आमच्या दारात. बांधाच्या कज्ज्यात आप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, वकील ते. एकदा शेत बघायला स्कूटरवरून आले, कट्ट्यावर बसले. मी बारावी झालो होतो आणि आता पुरे झालं असं आप्पांनी ठरवलं होतं.

"शिकून काय करणार वकीलसाहेब? शेताला माणूस न्हाय," आप्पा म्हणाले.

"तुमच्या शेताचा उतारा कन्नडात हाय. तुम्हाला वाचाय येतोय?"

"न्हाय."

"मग वाचून कुणी दाखवला?"

"तलाठ्यानं."

"त्यानं लिहिलंय तेच वाचलं, का मनाचं सांगितलं, कसं कळलं तुम्हाला?"

आण्णा माझ्याकडं बोट करून म्हणाले, "हे पोरगं वाचंल. संध्याकाळी लावून द्या माझ्याकडं."

एवढ्या बोलण्यावर माझं आयुष्य फिरलं. हे मी विसरलेलो नाही, आणि विसरता येत नाही हाच माझा त्रास आहे.

त्यांच्या बंगल्याच्या मागच्या बाजूला उतार होता. तिथली एक खोली अर्धी जमिनीत गेलेली. जाड दगडी भिंती, उत्तरेला एकच खिडकी. चैत्र-वैशाखातही तिथं फरशीवर पाय ठेवला की गारवा वर चढायचा. कॅम्पातल्या एका जुन्या शाळेनं काढून टाकलेली बाकं आण्णांनी तिथं आणून ठेवली होती. कंग्राळीची, खानापूरकडची आम्ही मराठी माध्यमातली पोरं संध्याकाळी तिथं बसायचो आणि ते आम्हांला इंग्रजी शिकवायचे. फी घेत नसत. त्याबदल्यात बोलून घेत. एक पोरगा चार दिवस आला आणि पाचव्या दिवशी आला नाही, तर म्हणाले, "बोद सडका निघाला. बरं झालं, लवकर कळलं."

शिकवण्यात मात्र त्यांच्यासारखा माणूस मी पाहिला नाही. ते आम्हांला कोर्टातल्या जबान्या द्यायचे आणि भाषांतर करा म्हणायचे. नियम एकच. साक्षीदार जे बोलला ते लिहायचं. पदरचं एक अक्षर घालायचं नाही, मधलं एक अक्षर गाळायचं नाही. कुणी घातलं की लाल शाईनं त्या शब्दाला गोल. मी एकदा "ती रडली" याचं इंग्रजी "तिला फार वाईट वाटलं" असं केलं. त्यांनी गोल केला आणि विचारलं, "तुला सांगितलं तिनं, वाईट वाटलं म्हणून? कांदा चिरत असंल. रडली म्हणजे रडली." पोरं हसली. मग ते गंभीर होऊन म्हणाले, "ज्याला भाषा येत न्हाय तो तुझ्या तोंडाकडं बघत बसलेला असतोय रं. त्याला दुसरा आधार न्हाय. त्याला फसवायला लई सोपं असतंय. म्हणून फसवायचं न्हाय."

हे वाक्य मी माझ्या ऑफिसात भिंतीवर लावलेलं नाही, पण प्रत्येक कागदावर शिक्का मारताना ते माझ्या कानात असतं.

सुमतीकाकू, त्यांच्या पत्नी, रोज चुरमुऱ्यांची परात घेऊन खाली यायच्या. वर कांदा, शेंगदाणे, लसणाची चटणी. परात ठेवून त्या दाराशी थोडा वेळ उभ्या राहत. सातवीपर्यंत शिकलेल्या. मराठी वाचन भरपूर, पण इंग्रजी अक्षर ओळखायच्या नाहीत. एकदा धीर करून म्हणाल्या, "अहो, मी पण बसू का मागच्या बाकावर?"

"तुला काय कोर्टात जायचंय?" आण्णा म्हणाले. "परात ठेव आणि जा."

काकू हसल्या आणि गेल्या. पोरंही हसली असतील. ज्या माणसानं माझ्या बापाला उतारा वाचता येत नाही म्हणून मला शिकवलं, त्यानं स्वतःच्या बायकोला मागचं बाक दिलं नाही. हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. आता येतं.

वकिली आवरती घेतल्यावर आण्णांना रिकामपण सोसेना. वखार भावकीत वाटली गेली होती. अशातच लंडनला असलेल्या त्यांच्या पुतण्यानं त्यांच्या डोक्यात वाइन भरली. प्यायची नव्हे, ठेवायची. फ्रान्समधल्या नामांकित मळ्यांची लाल वाइन घ्यायची, वर्षानुवर्षं धरून ठेवायची, आणि जुनी झाली की विकायची. जगभर श्रीमंत लोक यात पैसा गुंतवतात, असं पुतण्यानं सांगितलं. आण्णांना पटवावं लागलंच नाही. माल धरून ठेवायचा आणि भावाची वाट बघायची, हे त्यांच्या रक्तातच होतं.

"सोनं काय सगळेच घेतात," ते मला म्हणाले. "जमिनीचं म्हणशील तर जल्मभर जमिनीचेच कज्जे लढलोय. ह्याचं बघ. एका सालाची वाइन एकदाच होती. लोक पितात, तशी ती जगातनं कमी हुत जाती. पिणारे कमी करणार, आपण राखणार. भाव जाईल कुठं?"

"आणि तुम्ही चाखणार नाही?"

"विकायचा माल," ते म्हणाले, आणि पुढचं मीच मनात पुरं केलं.

पुतण्यानं एकच गोष्ट बजावून सांगितली होती. बाटल्या तिकडंच ठेवा, सरकारी देखरेखीखालच्या गोदामात. तिथून त्या हलल्या नाहीत, याचे कागद असतात, आणि घेणारा त्या कागदांवर विश्वास ठेवून भाव देतो. आण्णांनी ते ऐकून घेतलं आणि उडवून लावलं. "किल्ली दुसऱ्याच्या कंबरेला, आणि माल माझा? आमच्या बापानं असला धंदा केला न्हाय. माल डोळ्यापुढं पायजे." जबर आयातकर भरून त्यांनी लाकडी पेट्या बेळगावात आणल्या. परवान्याचं सगळं रीतसर केलं. वकीलच ते.

आणि त्या पेट्या ठेवल्या आमच्या खोलीत.

आमच्या मागची पोरं तेव्हा तिथं शिकत होती. त्यांना एका संध्याकाळी सांगितलं, उद्यापासून वाचनालयात बसा. बाकं बाहेर पेरूच्या झाडाखाली टाकली. पहिल्या पावसाळ्यात ती फुगली, दुसऱ्यात त्यांना वाळवी लागली. खिडकी विटांनी बुजवली, एसी लावला, भिंतीला लाकडी घोड्या ठोकल्या आणि बाटल्या आडव्या मांडल्या. आण्णा स्वेटर आणि माकडटोपी घालून आत जायचे. बाहेर ऊन भाजत असताना हा माणूस माकडटोपी घालून बंगल्याच्या मागं निघालेला बघून पोस्टमन एकदा गेटाशी थबकून उभा राहिला होता. आत जाऊन करायचे काय, तर नियमानं प्रत्येक बाटली थोडी थोडी फिरवायचे. तंबाखूच्या थप्प्या फिरवल्या नाहीत की आत ऊब धरते आणि माल करपतो. वाइनला हे नको असतं, तिला नुसतं पडून राहू द्यायचं असतं, हे त्यांना पुतण्यानं सांगितलं होतं की नाही, ठाऊक नाही. सांगितलं असलं तरी त्यांनी ऐकलं नसतं.

काकूंना घरात दारू आलेली मुळीच आवडली नव्हती. भावकीतले चौघे बसलेले असताना त्या म्हणाल्या, "देव्हारा वर आणि ही खाली. मला न्हाय बरं वाटत."

आण्णा सगळ्यांकडं बघून म्हणाले, "ही दारू न्हवं. ही लक्ष्मी हाय. माझी आई वखारीत बोदांना हळदी-कुंकू वाहत नव्हती? तू तिची सून ना?"

सगळ्यांना ते फार आवडलं. काकूंनी मात्र ते ऐकून ठेवलं.

त्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आण्णा निपाणीला गेले होते. सासूबाई वखारीत करायच्या तसं काकूंनी सगळं केलं. सोवळं नेसल्या, ताट घेतलं, खोलीत गेल्या, आणि एकेका बाटलीच्या कागदावर, फ्रान्समधल्या कुठल्याशा वाड्याच्या चित्रावर, ओल्या बोटानं हळद आणि कुंकू लावलं. एकही बाटली सोडली नाही. लक्ष्मी म्हटल्यावर एखादीला वगळून कसं चालेल?

दुसऱ्या दिवशी आण्णांनी ते पाहिलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर ते तिथंच संपलं असतं. त्यांनी त्याची गोष्ट केली. घरी येणाऱ्या प्रत्येकाला, काकू चहा घेऊन आल्या की त्यांच्यादेखत सांगायचे, "आमच्या हिनं एका संध्याकाळी जे घालवलं ते मला जल्मात मिळवता आलं नसतं. लेबलावर डाग म्हणजे माल गेला. विचारा, विचारा तिला." पाहुणे हसायचे. काकू कप ठेवून आत जायच्या.

हळूहळू त्यांनी हळदी-कुंकवाला जाणं सोडलं. चैत्रात माझी बायको रेखा त्यांना आग्रहानं कंग्राळीला घेऊन आली. बायका जमल्या होत्या. रेखानं करंडा काकूंच्या पुढं केला, वडीलधाऱ्या म्हणून, की आधी तुम्ही लावा. काकूंनी हात मागं घेतला. म्हणाल्या, "माझ्या हाताचं नको गं पोरी. माझ्या हातानं घराची लक्ष्मी गेली."

रेखानं मला हे सांगितलं तेव्हा ती रडली. रडली, एवढंच लिहितो.

काही वर्षांनी भाव चढल्याचं पुतण्यानं कळवलं आणि आण्णांनी विकायचं ठरवलं. पुण्याहून एक दलाल येणार होता. विक्रीचा कागद इंग्रजीत करावा लागेल म्हणून आण्णांनी मला बोलावलं. दलाल माझ्याच वयाचा, बोलायला मऊ. काकूंनी त्याला खव्याच्या कुंद्याची बशी दिली. तो खोलीत गेला, बॅटरीच्या उजेडात बाटल्यांचे गळे पाहिले, आतली वाइन किती खाली उतरली ते पाहिलं, एक बाटली हळूच उजेडासमोर धरली. मग त्यानं विचारलं, या फिरवता का? आण्णा अभिमानानं हो म्हणाले. त्यानं गोदामाचे कागद मागितले. आण्णांनी आयातीचे कागद दिले. तो म्हणाला हे नव्हेत, तिथून निघाल्यानंतरचे. ते नव्हते.

वर दिवाणखान्यात येऊन तो इंग्रजीत बोलला. सावकाश, स्वच्छ बोलला. काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या, आण्णांच्या तोंडाकडं बघत. त्याचं बोलणं संपलं तसं आण्णा वळले आणि मराठीत म्हणाले, "ऐकलंस? हळदीमुळं घेत न्हाय म्हणतोय. झालं समाधान?"

काकूंनी मान खाली घातली.

मी म्हणालो, "काकू, ते असं म्हणाले नाहीत."

दलालाला मराठी कळत असावं, कारण तो बशीत बघू लागला.

"मारुती," आण्णा म्हणाले, "ज्या खोलीत इंग्रजी शिकलास, तिच्याच डोक्यावर बसून माझं इंग्रजी दुरुस्त करतोस व्हय रं?"

"आण्णा, ते म्हणाले की डाग नसते तरी..."

"ऊठ."

मी उठलो. काकू गेटापर्यंत आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. दलालानं काय विचारलं, काय उत्तर दिलं, हळदीविषयी काय म्हणाला. त्यांनी ऐकून घेतलं, आणि माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाल्या, "तू गुणाचा हाईस. माझं समाधान करायला सांगतोस, ते कळतंय मला. पण ते कशाला खोटं सांगतील? भाषांतरात त्यांचा हात कुणी धरलाय का?"

भाषांतरात त्यांचा हात खरंच कुणी धरलेला नाही. ते चुकलेच नव्हते. चुकणाऱ्याला मी माफ केलं असतं.

त्यानंतर आण्णांना मी एकदाच पाहिलं. उन्हाळ्यात टिळकवाडीतून चाललो होतो. बंगल्याच्या मागच्या अंगणात, पेरूखालच्या एका कुजक्या बाकावर ते बसले होते. स्वेटर अंगात, माकडटोपी गुडघ्यावर. मांडीवर बाटली आडवी, पोरगं पाजायला घ्यावं तशी, आणि कापसाच्या ओल्या बोळ्यानं ते लेबलावरचा लाल ठिपका पुसत होते. ठिपका निघत नव्हता, वाड्याचं चित्र मात्र निघत होतं. काकू चहा घेऊन आल्या. त्यांनी वर न बघताच बाटली उचलून काकूंच्या पुढं धरली, बघ म्हणून. तिथं पाहुणा कुणी नव्हता. मी कुंपणाबाहेर आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. आता हे ते कुणासाठी करत होते? काकूंनी बघितलं, मान हलवली, कप बाकावर ठेवला. कपाळावर टिकली होती, कुंकू नव्हतं.

मी ऑफिसात आलो, दार लावून घेतलं आणि दलालाचं बोलणं उतरवून काढलं. पुण्याहून त्यावर सही येताच हे पत्र धाडलं.

*

तीर्थस्वरूप आण्णा यांस,

साष्टांग नमस्कार.

पुण्याचे गृहस्थ आपल्या घरी जे इंग्रजीत बोलले त्याचं भाषांतर करून द्यायचं राहिलं होतं. ते खाली देत आहे.

आपण विचारलं: "हळदी-कुंकवाच्या डागांमुळं भाव किती उतरेल?"

ते म्हणाले: "डागांचा प्रश्न नंतरचा आहे. बाटल्या कोऱ्या असत्या तरी मी त्या घेतल्या नसत्या. गोदामातून त्या निघाल्या आणि घरी आल्या, त्यानंतर त्या कशा ठेवल्या गेल्या याचा पुरावा नाही. त्या वारंवार हलवल्या गेल्या आहेत. ज्या दिवशी त्या गोदामातून निघाल्या त्याच दिवशी त्यांची किंमत गेली. घरी आणायचं कुणी ठरवलं?"

आपण म्हणालात: "मी."

ते म्हणाले: "मग तुमच्या पत्नीला उगाच वाईट वाटू देऊ नका. त्यांना कृपया हे समजावून सांगा."

वरील मजकूर ऐकला तसा उतरवला आहे. पदरचं एक अक्षर घातलेलं नाही, मधलं एक अक्षर गाळलेलं नाही. खाली माझी सही आणि शिक्का आहे. हाच मजकूर त्या गृहस्थांना पाठवून, बरोबर असल्याबद्दल त्यांचीही सही आणवली आहे.

याची एक प्रत सौ. काकूंच्या नावानं वेगळ्या पाकिटातून पाठवली आहे. दुसऱ्याच्या नावचं पाकीट आपण फोडणार नाही, एवढा विश्वास मला अजून आहे.

भाषांतरात चूक आढळल्यास नेहमीप्रमाणं लाल शाईनं गोल करून परत पाठवावं.

आपला विद्यार्थी,
मारुती